पावसाळ्यात ट्रकच्या इंटरकूलरमध्ये पाणी: कुठून येतं, कसं शोधायचं आणि कुठे थांबायचं

लक्षणं

रात्रभर पावसात चालून आलेली गाडी पहाटे उभी केली. तीन-चार तासांनी स्टार्ट केली तर आयडलवर बरी चालते. गिअर टाकून पहिल्यांदा जोर लावला की दोन-तीनदा मिस मारते, एक धक्का देते, सायलेन्सरमधून वाफेचा पांढरा भपकारा निघतो आणि अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत होतं. दिवसभर पुन्हा काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

दुसरा प्रकार चालत्या गाडीतला. टेंभुर्णी ते इंदापूर अशा सपाट रस्त्यावर गाडी तासभर एकाच वेगात, हलक्या पायावर चाललेली असते. मग चढ लागला किंवा ओव्हरटेकसाठी पाय पूर्ण दाबला की पिकअप क्षणभर सुटतो, गाडी अडखळते आणि लगेच सावरते.

तिसरं लक्षण पाना लावल्यावर दिसतं. इंटरकूलर म्हणजे टर्बोनं (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यानं) दाबलेली गरम हवा इंजिनात जायच्या आधी गार करणारी जाळी. तिचा खालचा होज, म्हणजे रबरी नळी, सोडला की आत दुधाळ, चिकट थर असतो, कधी सरळ पाणीच ओघळतं. चौथं म्हणजे चेक लाइट लागते, स्कॅनर बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरचा एरर दाखवतो, सेन्सर नवा टाकला तरी आठवड्यात तोच एरर परत येतो.

शेजारच्या दुखण्यांशी याची गल्लत होते, म्हणून तीही इथेच सांगून टाकतो. काळा धूर आणि जोर लावताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर बूस्टचा होज फुटलाय किंवा क्लिप सैल आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर लवकर विरत नाही, त्याला गोडसर वास आहे आणि रेडिएटरचं कूलंट कमी होतंय, असं असेल तर प्रश्न इंटरकूलरचा नाही. तेव्हा मधल्या सगळ्या तपासण्या सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

पाणी मुळात येतं कुठून

एअर ब्रेकच्या टाकीतलं पाणी काढणारा प्रत्येक ड्रायव्हर हे आधीपासून जाणतो. पावसाळ्यात टाकीचा ड्रेन ओढला की पाणी फवारतं. ते कोणी टाकीत ओतलेलं नसतं. कंप्रेसरनं दमट हवा दाबली, दाबलेली हवा पुढे थंड झाली आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली बसली. टर्बो आणि इंटरकूलरमध्ये हेच घडतं, फरक एवढाच की इथली हवा टाकीत थांबत नाही, इंजिनात जाते.

टर्बो हवा दाबतो तेव्हा ती पूर्ण भारावर दीडशे अंशांपर्यंत, कधी त्याहूनही वर तापते. इंटरकूलर ती गार करतो, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते. पण हवा दाबली की तिच्यातली वाफही दाबली जाते, आणि मग ती साध्या हवेपेक्षा बऱ्याच जास्त तापमानालाच पाणी व्हायला लागते. पावसाळी रात्री बाहेरची हवा २२ अंशांना पूर्ण ओली असेल, तर १ बार बूस्टवर तीच हवा साधारण ३४ अंशांना पाणी सोडायला लागते. २ बार बूस्टवर हा आकडा ४१ अंशांच्या आसपास जातो. इंटरकूलरमधून बाहेर पडणारी हवा याच्या खाली गेली की आत थेंब धरणारच. इंटरकूलर खराब असला काय, नवा असला काय, पाणी धरणं हे हवेचं काम आहे.

या आकड्यांवरून सोलापूरकरांच्या कामाची एक गोष्ट कळते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच ४२ अंश असतात आणि हवा कोरडी असते. इंटरकूलरमधून निघणारी हवा कितीही केलं तरी बाहेरच्या ४२ अंशांच्या खाली जात नाही. तेव्हा उन्हाळ्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर चाललेल्या गाडीच्या इंटरकूलरमध्ये पाणी सापडलं तर ते दमटपणाचं असूच शकत नाही. ते बाहेरून शिरलंय. शोध तिथूनच सुरू करा.

पावसाळ्यात मात्र दोन्ही शक्यता उभ्या राहतात. आपल्याकडे जून-जुलैत भुरभुर असते आणि मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरात. पण आपल्या गाड्या थोड्याच सोलापुरात थांबतात? चादरी-टॉवेलच्या गाठी घेऊन न्हावाशेव्याला जातात, खोपोलीहून भरून बोरघाट चढतात, रत्नागिरीकडच्या असतील तर आंबा घाटातून येतात. समुद्रकाठची ओली हवा, वर सतत पाऊस आणि भरलेल्या गाडीला पूर्ण बूस्ट, हे तिन्ही एकत्र तिथे मिळतं. म्हणून कोकणातून परतलेल्या गाड्यांची ही तक्रार जास्त येते. विजयपूर किंवा तुळजापूरकडे फिरणाऱ्या गाड्यांची फार कमी.

एवढ्या पाण्यानं इंजिनाचं काही बिघडतं का? थेंबाथेंबानं, धुक्यासारखं गेलं तर काहीच नाही. सहा सिलिंडरचं मध्यम इंजिन पूर्ण भारावर मिनिटाला दहा-बारा किलो हवा ओढतं. पावसाळ्यात त्या प्रत्येक किलोत १६-१७ ग्रॅम पाणी वाफ होऊन असतंच. म्हणजे मिनिटाला पावशेराच्या जवळपास पाणी तसंही इंजिनातून पार होतं आणि डिझेल इंजिन तक्रार करत नाही. त्रास होतो तो साचलेलं पाणी एकदम गेल्यावर. हलक्या पायावर हवेचा वेग कमी असतो, पाणी इंटरकूलरच्या तळाशी आणि खालच्या होजच्या बाकात बसून राहतं. पाय दाबला की हवेचा लोंढा ते सगळं उचलून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरायच्या वाटेत, फेकतो. सपाटीवर शांत चाललेली गाडी चढावर अडखळते ती यामुळे.

किती पाणी धोक्याचं, याचाही हिशेब आहे. ५.७ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची जागा साधारण ९५० मिली. कॉम्प्रेशन १७ ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा ६० मिलीच्या आसपास. एका कटिंग चहाएवढी. पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी एकाच सिलिंडरमध्ये एका वेळी गेलं तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या दमटपणानं असं क्वचित होतं, कारण पाणी सहा ठिकाणी वाटलं जातं आणि तुकड्या-तुकड्यानं जातं. पण पाणी फिल्टरच्या वाटेनं येत असेल तर ते कटिंगनं येत नाही, तांब्यानं येतं.

म्हणून या पुढचं सगळं एकाच प्रश्नासाठी आहे: हे पाणी हवेतलं आहे की बाहेरचं? त्याचं उत्तर मिळायच्या आत इंटरकूलर खोलू नका आणि बदलू तर अजिबात नका. नवा इंटरकूलर टाकूनही आठ दिवसांत परत आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. नवा इंटरकूलर जुन्यापेक्षा जास्त चांगली हवा गार करतो, म्हणजे दमटपणाचं पाणी जास्तच धरतो.

पहिली तपासणी: पाना न लावता, बिनखर्चाची

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना तीन गोष्टी बघा. कूलंटच्या टाकीवर पातळीपाशी मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळी त्याच वेळी, गाडी सपाट जागेवर असताना बघा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. मग ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. तिसरं, ऑइल भरायच्या झाकणाच्या आतली बाजू बघा. पावसाळ्यात आखूड फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा पिवळसर साय धरलेला थर असतो, त्यानं घाबरू नका. डिपस्टिक स्वच्छ असेल तर तो फक्त झाकणावरचा ओलावा आहे.

हे आधी का? कूलंट किंवा इंजिन ऑइलचा दोष असेल तर पुढे गाडी चालवत राहणं हेच सगळ्यात महाग पडतं. आणि हे बघायला पाच मिनिटं लागतात.

याच वेळी ड्रायव्हरला चार प्रश्न विचारा. कुठून आलास, पाऊस किती होता, गाडी कुठे धुतली, आणि पाण्यातून काढलीस का? मालक मंडळी हे विचारत नाहीत, थेट मिस्त्रीला फोन करतात. अर्धं उत्तर ड्रायव्हरकडे असतं, आणि दादा-भाऊ करून नीट विचारलं तर तो सांगतोही. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली म्हणून रागावून घेतील या भीतीनं तो गप्प बसला तर मात्र तुम्ही चुकीच्या जागी शोधत राहता.

दुसरी तपासणी: एअर फिल्टर आणि त्याच्या आधीची वाट

इथे जास्त वेळ द्या. सोलापुरात माझ्याकडे 'इंटरकूलरमध्ये पाणी' म्हणून येणाऱ्या गाड्यांत खरा दोष सगळ्यात जास्त वेळा इथेच निघालाय.

फिल्टरच्या डब्याच्या तळाला एक रबरी डस्ट व्हॉल्व्ह असतो, चोचीसारखा चपटा. धूळ आणि पाणी त्यातूनच खाली पडायचं असतं. तो बोटांनी दाबून बघा. आपल्याकडे काळ्या मातीचा रस्ता तुडवला की चिखल त्यात बसून वाळतो आणि चोच चिकटते. मग आत आलेलं पाणी बाहेर पडत नाही, डब्यात साचतं आणि फिल्टरच्या कागदातून पुढे ओढलं जातं. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह तुटून पडलेला असतो. तिथे भोकातून चाकानं उडवलेलं पाणी थेट वर जातं. हा रबर अगदी स्वस्तात मिळतो आणि तो बदलला की कित्येक गाड्यांची तक्रार तिथेच संपते.

मग कॅबिनच्या मागचा स्नॉर्कल, म्हणजे वरून हवा ओढणारी उभी नळी, बघा. वरची टोपी जागेवर आहे का? तोंड मागे किंवा खाली आहे का? कोणी दुरुस्तीच्या वेळी काढून ते समोर करून बसवलं असेल तर चालत्या गाडीत पाऊस सरळ आत जातो.

टिल्ट होणाऱ्या कॅबिनला आणखी एक जागा आहे आणि ती सगळे विसरतात. स्नॉर्कल कॅबिनला असतो, फिल्टर चेसिसला. दोघांच्या मध्ये घड्यांचा रबरी बेलो असतो. कॅबिन खाली बसली की तो दाबून बसतो. दोन-तीन उन्हाळे झाले की हा रबर सोलापूरच्या उन्हात कडक होतो, घडीत चिरतो किंवा कॅबिन नीट लॉक न झाल्यानं तिरका बसतो. कॅबिनच्या मागून ओघळणारं पावसाचं पाणी नेमकं त्याच्यावर पडतं. तपासायला कॅबिन टिल्ट करा, घड्या बोटांनी ताणून बघा, मग कॅबिन खाली करून क्लीनरला वरून पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही खालून बघा. थेंब आत गेला तर चोर सापडला.

फिल्टरचा कागद हातात घ्या. पाणी लागलेला कागद वाळला तरी लाटा धरतो, डाग दाखवतो. असा फिल्टर हवा मारून परत टाकू नका. एकदा भिजलेला कागद कमजोर होतो, आणि फिल्टर फाटला की मातीनं टर्बोचं चाक आणि सिलिंडर घासून जातात.

धुलाईबद्दल एवढंच. सर्व्हिसिंगला प्रेशरचा जेट स्नॉर्कलच्या तोंडावर आणि फिल्टरच्या डब्यावर मारू देऊ नका. गाडी धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तक्रार आली असेल तर कारण बहुतेक हेच असतं. इंटरकूलरच्या जाळीवरही जेट जवळून मारला की पत्र्याच्या पट्ट्या झोपतात.

तिसरी तपासणी: पाणी काढा आणि ते वाचा

पाऊस लागलेली फेरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन बंद आणि थंड असताना हे करा. इंटरकूलरच्या तळाला ड्रेन प्लग असेल तर तो उघडा. नसेल तर इंजिनाकडे जाणाऱ्या, म्हणजे गार बाजूच्या होजची सगळ्यात खालची क्लिप सैल करा. खाली स्वच्छ, पारदर्शक बाटली कापून धरा. कळकट डबा नको, त्यात रंग कळत नाही. निघालेलं तासभर तसंच ठेवा. पाणी खाली बसेल, ऑइल वर तरंगेल.

पाणी स्वच्छ, वर ऑइलचा पातळ तवंग, आणि एकूण चहाच्या कपापर्यंत: हे दमटपणाचं. पावसाळी फेरीनंतर एवढं मी चालवून घेतो. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणाऱ्या ऑइलच्या वाफेनं पातळ थर धरतोच. दुधाळ रंग म्हणजे हेच पाणी आणि हेच ऑइल घुसळलेलं.

गढूळ, तळाला माती किंवा वाळूचा कण: बाहेरून आलं. परत दुसऱ्या तपासणीकडे जा. कपाऐवजी बाटलीभर निघालं तर रंग स्वच्छ असला तरी माझा संशय फिल्टरच्या वाटेवरच जातो.

हिरवा, गुलाबी किंवा केशरी रंग: कूलंट. आपल्या बहुतेक ट्रकना हवेनं गार होणारा इंटरकूलर असतो, त्याच्या आत कूलंट फिरतच नाही. ते दुसरीकडून आलंय, आणि ते शोधणं घरचं काम नाही.

बाटलीत पाणी थोडं आणि ऑइल जास्त निघालं तर ही पाण्यापेक्षा मोठी धोक्याची खूण आहे. कारण सहाव्या तपासणीत सांगतो.

काळा, चिकट चिखल इंटरकूलरच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डजवळ दिसला तर ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी आणि ऑइल एकत्र आलंय. बीएस-४ आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांच्या) गाड्यांत हे होतं. त्याचा दमटपणाशी संबंध थोडा, सफाईशी जास्त.

चौथी तपासणी: होज, क्लिप आणि सेन्सर

इथे एक गोष्ट समजून घेतली तर फुकटचा खर्च वाचतो. टर्बोच्या पुढच्या होजमध्ये चालू इंजिनात आतून बाहेर दाब असतो. तिथे चीर असेल तर हवा बाहेर जाते, पाणी आत येत नाही. टर्बोच्या आधीच्या, फिल्टरपासूनच्या होजमध्ये मात्र ओढ असते. तिथली सैल क्लिप पाणी आणि धूळ दोन्ही आत खेचते. म्हणून पाण्याच्या तक्रारीत आधी फिल्टर ते टर्बो ही वाट तपासा. क्लिपखाली बोट फिरवा, ओली माती चिकटलेली असेल तिथूनच आत गेलंय. दाबाच्या बाजूचे होजही बघून घ्या, पण पिकअपसाठी, पाण्यासाठी नव्हे.

बूस्ट सेन्सर एक-दोन स्क्रूवर निघतो. त्याचं तोंड ऑइल आणि पाण्यानं माखलं की चुकीचा दाब सांगतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल कमी करतो. इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून आपोआप वाळू द्या. तार किंवा काडी घालून टोकरू नका. साफ केलेला सेन्सर पुन्हा माखत असेल तर दोष सेन्सरचा नाही, म्हणून नवा सेन्सर घ्यायची घाई नको.

पाचवी तपासणी: हवा गरजेपेक्षा जास्त गार होते का

स्कॅनर असेल तर पावसाळी रात्री चालत्या गाडीत इनटेक हवेचं तापमान वाचायला दुसऱ्या माणसाला शेजारी बसवा. ३५ च्या खाली आणि बूस्ट चांगला, असं दिसत असेल तर पाणी धरणारच. स्कॅनर नसेल तर बंदुकीसारखं टेंपरेचर मीटर चालतं, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ते खोटं, कमी दाखवतं. पाइपवर काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा. हे माप गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करूनच घ्या.

मग व्हिस्कस फॅन, म्हणजे गरजेप्रमाणे आपोआप जोर धरणारा रेडिएटरचा पंखा. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर तो एक-दोन मिनिटं घोंघावतो आणि मग शांत होतो, हे बरोबर. पावसातही, गाडी गार असतानाही तो सतत घोंघावत असेल तर क्लच जाम झालाय. तो इंटरकूलरवरून गरज नसताना हवा ओढत राहतो, पाणी जास्त धरतं आणि ॲव्हरेजही पडतं. फॅन बदलल्यावर तक्रार निम्म्यावर आलेल्या गाड्या आहेत. फॅनला हात लावायचा तर इंजिन बंद, चावी खिशात.

काहीजण इंटरकूलरपुढे पुठ्ठा किंवा पोतं बांधायला सांगतात. बर्फाच्या देशात तशी झापडं असतात. आपल्याकडे असं करू नका. पाऊस दुपारी उघडतो, ऊन पडतं, ड्रायव्हर पोतं विसरतो आणि घाटात इंजिन तापतं.

सहावी तपासणी: ब्रीदर आणि टर्बो

बाटलीत ऑइल जास्त निघालं असेल तरच इथपर्यंत या. ब्रीदरची नळी किंवा फिल्टर चोंदला की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोटातला) दाब वाढतो आणि टर्बोचं ऑइल खाली नीट परतत नाही, ते सीलमधून हवेच्या वाटेत येतं. म्हणून आधी ब्रीदर साफ करा, मग टर्बोला दोष द्या. टर्बोच्या तोंडाचा होज काढून, इंजिन थंड असताना, चाक बोटांनी हलवा. आडवी किंचित हालचाल चालते. पुढे-मागे हालचाल जाणवली किंवा पात्यांनी घराला घासल्याची खूण दिसली तर टर्बो काढायला हवा.

ऑइल मोठ्या धोक्याचं का, ते सांगतो. तळाशी साठलेलं ऑइल एकदम इंजिनात गेलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळतं. आरपीएम आपोआप चढतो, चावी बंद केली तरी थांबत नाही. तसं झालं तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा आणि इंजिन कोंडून बंद करा. जमलं नाही तर गाडीपासून लांब व्हा. हवेच्या तोंडावर हात धरायला कोणी जाऊ नका. याच कारणानं इंटरकूलर आतून डिझेलनं किंवा पेट्रोलनं धुऊन ओलाच बसवू नका. आतला थर जरूर काढायला हवा, तो पाणी धरून ठेवतो. पण धुतल्यावर तो पूर्ण सुकला पाहिजे.

भोक पाडावं का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. अमेरिकेत २०११ पासूनच्या फोर्ड एफ-१५० पिकअपच्या ३.५ लिटर इकोबूस्ट पेट्रोल इंजिनात दमट हवेत लांब चालल्यावर जोर लावला की मिस व्हायचं. तिथल्या काही मालकांनी इंटरकूलरच्या तळाला १/१६ इंचाचं, म्हणजे दीड मिलिमीटरचं भोक पाडलं. कंपनीनं मात्र हवा अडवणारी पट्टी देऊन इंटरकूलरचं गार करणंच थोडं कमी केलं. ती पेट्रोलची, ठिणगीवर चालणारी इंजिनं. पाण्याच्या थेंबानं ठिणगी विझते, डिझेलला तो त्रास नाही. आपल्या ट्रकला भोक पाडलं तर बूस्ट थोडा का होईना गळतो, ऑइल ठिबकून धूळ चिकटते, पातळ ॲल्युमिनियमला तिथून चीर जाते आणि वॉरंटी जाते. माझं मत स्पष्ट आहे: पाडू नका. कंपनीचा ड्रेन प्लग असेल तर तो वापरा, नसेल तर पावसाळ्यात कोकणच्या फेरीनंतर एअर टाकीबरोबरच खालचा होज सोडून पाणी काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

ड्रायव्हरनं दोन गोष्टी पाळल्या तर बरंच टळतं. सपाटीवर बराच वेळ चालल्यावर चढ दिसला की आधीपासून हळूहळू जोर वाढवा, एकदम पाय दाबू नका. आणि पावसाळ्यात सकाळी निघाल्यावर पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायानं.

कुठे थांबायचं

स्टार्टर मारल्यावर इंजिन 'टक' करून जागीच अडलं तर दुसऱ्यांदा स्टार्टर मारू नका. साखळी लावून ओढून चालू करायचा प्रयत्न तर मुळीच नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पहिल्या धक्क्यात वाचलेला रॉड दुसऱ्यात वाकतो. इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढणारा जाणता मिस्त्री बोलवा, गाडी उचलून न्यावी लागली तरी चालेल. पाणी भरलेल्या खड्ड्यात किंवा ओढ्यात बंद पडलेल्या गाडीलाही हेच लागू.

कूलंट कमी होतंय, बाहेर गळती दिसत नाही आणि गोडसर पांढरा धूर आहे, तर ईजीआर कूलर किंवा हेड गॅस्केटचा संशय. बीएस-६ गाडीत कूलंट पुढे सायलेन्सरमधल्या महाग भागांपर्यंत जातं. कूलंट ओतत-ओतत मुंबई गाठू नका, कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा. दुधाळ इंजिन ऑइललाही हाच नियम.

टर्बोची हालचाल जास्त वाटली किंवा बाटलीत ऑइलच ऑइल निघालं, तर गाडी लोडवर पाठवू नका.

आणि इंटरकूलरची प्रेशर टेस्ट. ती वर्कशॉपमध्ये, रेग्युलेटर आणि साखळीनं बांधलेल्या प्लगवरच व्हावी. साधारण रीत अशी की ३० पीएसआय हवा भरून बंद करायची आणि १५ सेकंदांत ५ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नळी थेट होजमध्ये खुपसून ही टेस्ट करू नका, त्या दाबानं प्लग गोळीसारखा सुटतो. वर्कशॉपला जाताना काढलेलं पाणी बाटलीत झाकण लावून सोबत न्या, आणि कुठल्या फेरीनंतर, किती पावसात, किती निघालं ते त्याच्यावर लिहून ठेवा.